भगिनी म्हणता आणि लॉजवर उतरवता?

पालक-शिक्षक संघाच्या गेल्या बैठकीत चहाच्या कपाबरोबर प्रत्येकाच्या हातात एक चार पानी पत्रक पडलं. येत्या ऑगस्टमध्ये जपानच्या ओकायामा प्रांतातल्या एका शाळेची सोळा मुलं आणि दोन शिक्षक आठ दिवसांसाठी आमच्या पुण्यातल्या शाळेत यायचे आहेत. ती भेट रद्द करावी, अशी पत्रकाची मागणी आहे. लिहिणारे गृहस्थ एका बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, नातू आमच्याकडे नववीत. पत्रक तळमळीनं लिहिलेलं आहे, मुद्द्यांना क्रमांक आहेत, आणि शुद्धलेखन आमच्या शाळेच्या वार्षिकांकापेक्षा चांगलं आहे. नुसत्या माना हलवून त्याची बोळवण करणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हे उत्तर.

त्यांचं म्हणणं असं: हा सगळा देखावा आहे. आठ दिवस अभ्यास बुडतो. जो पैसा जातो त्यात मुलींची स्वच्छतागृहं दुरुस्त होतील. ते येतात, आपली मुलं तिकडे जाऊ शकत नाहीत, मग ही देवाणघेवाण कसली? व्हिडिओ कॉलवर हेच फुकटात होतं. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: आपल्या पालकांची घरं परदेशी मुलांना ठेवण्याजोगी नाहीत, उगाच शोभा होईल.

हा शेवटचा मुद्दा शाळा समितीला इतका पटला की त्यांनी लगेच मधला मार्ग काढला. भेट होऊ द्या, पण मुलांना हॉटेलात उतरवा. दोन संध्याकाळी ‘सोयीच्या’ घरांत जेवायला न्या. पत्रकाला माझा विरोध आहेच. पण या मधल्या मार्गाला त्याहून जास्त आहे, कारण पत्रक निदान प्रामाणिकपणे ‘नको’ म्हणतं.

आधी हे सांगून टाकते की मी तटस्थ नाही. मी या शाळेत भूगोल शिकवते आणि २०१९ च्या भेटीची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात होती. त्या आठ दिवसांत काय फसलं आणि काय साधलं, हे मी जवळून पाहिलंय. पत्रककर्त्यांनी पाहिला तो रंगमंच.

त्या रंगमंचाबद्दल ते जे बोलले ते शब्द न् शब्द खरं आहे. आमच्या भेटींची एक ठरलेली चाकोरी आहे. फाटकावर ढोल, ओवाळणी, प्रत्येकाला फेटा. मग मुख्याध्यापकांचं इंग्रजी भाषण. मग लेझीम. मग नऊवारीतल्या आठ मुली, त्यांतल्या सहाजणींनी नऊवारी आयुष्यात पहिल्यांदा नेसलेली. शेवटी पाहुण्यांना ‘झिंगाट’वर नाचायला ओढायचं आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या घामाला ‘आनंद’ म्हणून फोटो काढायचा. पाहुणेही कमी नसतात. तेही बॅगेत युकाता आणि ओरिगामीचे कागद घेऊन येतात, ‘सोरान बुशी’ हे त्यांच्या शाळांतलं ठरलेलं कोळीनृत्य करून दाखवतात. दोन्हीकडची मुलं दमतात, दोन्हीकडचे शिक्षक कृतकृत्य होतात.

एका भेटीत तर आम्ही पाहुण्यांना मोठ्या हौसेनं सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं. पुणे-ओकायामा मैत्रीची ती खूण. ओकायामात १७०० साली पुऱ्या झालेल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ती उभारली आहे. कोराकुएन ज्यांच्या शाळेपासून तासाभरावर, ज्यांच्या सहलीच तिथे जातात, त्या मुलांना समुद्र ओलांडून आणायचं आणि त्याच बागेची नक्कल दाखवायची. कोकणातून आलेल्या पाहुण्याला पुण्यात शहाळं पाजण्यातला हा प्रकार. मुलं सभ्य, ती तिथेही वाकून वाकून ‘सुंदर’ म्हणाली.

तर देखावा मान्य. माझा आणि पत्रककर्त्यांचा खटका पुढे उडतो. ते म्हणतात, देखावा आहे म्हणून भेट बंद करा. मी म्हणते, देखावा बंद करा. मंगल कार्यालयातला बँड बेसूर वाजतो म्हणून लग्न कोणी मोडत नाही.

देखावा काढून टाकल्यावर उरतं काय, असं ते विचारतील. त्याचं उत्तर आमच्याकडे योगायोगानं आहे, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमचा देखावा आपोआप रद्द झाला. त्या आठवड्यात पंचगंगेनं कोल्हापूर आणि कृष्णेनं सांगली पाण्याखाली घातली होती. पुणे-बंगळूर महामार्ग बंद होता. शाळेत निम्म्या शिक्षकांचं माहेर नाहीतर सासर तिकडचं. लेझीम घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मुख्याध्यापकांनी कार्यक्रम रद्द केला, सभागृहात मदतीचं सामान गोळा व्हायला लागलं, आणि नुकत्याच उतरलेल्या जपानी मुलांचं काय करायचं ते कोणालाच सुचेना. शेवटी त्यांनाही सामान बांधायला बसवलं.

सामान म्हणजे मुख्यतः जुने कपडे. साड्या, शर्ट, लहान मुलांचे स्वेटर. सभागृहाच्या एका कोपऱ्यात डोंगर झाला होता. पाहुण्यांतली एक दहावीची मुलगी त्या ढिगाकडे बराच वेळ बघत उभी होती. मग आपल्या शिक्षिकेशी काहीतरी बोलली, आणि त्या शिक्षिका माझ्याकडे आल्या. आदल्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, ओकायामा प्रांतातच कुराशिकी शहराच्या माबी भागात मोठा पूर आला होता. एकट्या माबीत ५१ माणसं गेली. या मुलीची मावशी तिथली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पूर ओसरला की घरात चिखल असतो, आणि चिखलात कपडे घालून बसता येत नाही. आधी फावडी लागतात, हातमोजे लागतात, खराटे लागतात, टॉवेल लागतात. मावशीच्या गावात मदतकेंद्रावर असाच कपड्यांचा डोंगर झाला होता आणि तो हलवायला वेगळी माणसं लावावी लागली होती.

आमच्या नववीच्या मुलांनी दुपारपर्यंत ढीग वेगळा केला आणि जमलेल्या पैशांतून मंडईमागच्या दुकानांतून खराटे, फिनेल, रबरी मोजे आणले. रस्ता सुरू झाल्यावर ट्रक गेला तो हे सामान घेऊन.

त्याच दुपारी मी त्या मुलीला वर्गात फळ्यापाशी उभं केलं. तिनं दोन नद्या काढल्या. मोठी ताकाहाशी, तिला मिळणारी लहान ओदा. मोठी भरून वाहायला लागली की लहानीचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, मागे सरतं, बांध फोडतं. इंग्रजी तिचंही बेताचं आणि आमच्यांचंही बेताचं, त्यामुळे कोणालाच कोणाचा दबाव नव्हता. चित्र पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “बाई, हा तर फुगवटा!” आणि फळ्यावर येऊन त्यानं शेजारी नृसिंहवाडी काढली. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी तिथे कसं अडतं, ते. अलमट्टीचा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवायला लावला, नाहीतर तो तास संपलाच नसता. आमच्या दहावीच्या भूगोलात वर्षभर भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. आजवर एकाही विद्यार्थ्यानं ब्राझीलचा माणूस पाहिलेला नाही, तरी सगळे त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहितात. त्यामुळे अभ्यास बुडतो हा मुद्दा माझ्यापुढे तरी मांडू नका. सव्वीस वर्षांत फुगवटा इतका नीट मी कधी शिकवला नव्हता, आणि त्या दिवशीही तो मी शिकवला नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली पूर्वग्रहांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. दोन समाजांची माणसं नुसती एकमेकांसमोर आणली म्हणजे पूर्वग्रह जातात, असं तो म्हणत नाही. वरवरच्या भेटींनी ते उलट घट्टही होतात, असं म्हणतो. त्यासाठी दोघं बरोबरीच्या नात्यानं भेटावे लागतात, त्यांच्यापुढे काहीतरी समान काम असावं लागतं, ते काम मिळून करावं लागतं, आणि संस्थेची त्याला साथ लागते. आमच्या फेट्याच्या कार्यक्रमात यातलं एकही नसतं. सामान बांधताना चारही होतं. आता समितीचा मधला मार्ग या कसोटीला लावून बघा. हॉटेलात मुक्काम, बसमधून दर्शन, दोन संध्याकाळी निवडक घरांत ताटाभोवती रांगोळी काढून जेवण. ऑलपोर्टनं ज्याच्यापासून सावध राहा म्हणून सांगितलं, ती वरवरची भेट म्हणजे नेमकी हीच. पैसे मात्र सगळ्यात जास्त तिच्यातच जातील.

आता घरांकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

२०१९ मध्ये यजमान घरं निवडायला एक अर्ज होता. मीच केला होता तो, त्यामुळे दोषही माझाच. त्यात रकाने होते: पाहुण्यांना स्वतंत्र खोली आहे का? वेस्टर्न कमोड आहे का? ए.सी.? गीझर? गाडी? या चाळणीतून अर्थातच बंगले आणि मोठे फ्लॅट तेवढे उरले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यातल्या एका कुटुंबाला कोल्हापूरकडे धावावं लागलं, त्यांच्या आईच्या घरात पाणी शिरलं होतं. दोन मुली ऐनवेळी बिनघरच्या झाल्या. मी वर्गात विचारलं, कोणाकडे ठेवता येईल? एक हात वर झाला. पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्या, वडिलांची पिठाची गिरणी, स्वच्छतागृह दाराबाहेर, आपल्या पद्धतीचं. माझ्या अर्जात तिला शून्य गुण मिळाले असते. दुसरा हात नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. यात माझं काही शहाणपण नाही.

त्या घराला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. परदेशी माणूस मुक्कामाला असला की घरमालकानं चोवीस तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. तेव्हा त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत. आता १९४६ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आला आहे, तेव्हा या खेपेला नियम पुन्हा तपासावे लागतील. गिरणीवाले दादा म्हणाले, “बाई, पोलिसात नाव जायला आम्ही केलंय काय?” मी गिरणीत पोत्यावर बसून पिठानं पांढऱ्या झालेल्या त्यांच्या मोबाइलवर तो फॉर्म भरला. पासपोर्टचा फोटो तीनदा नाकारला गेला. चौथ्यांदा गेला, तेव्हा दादांनी दळण थांबवून सगळ्यांना चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धास्तावून त्या घरी गेले. वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, “खाली गाद्या टाकून झोपवलं हो, पलंग एकच आहे.” आत बघते तर दोघी मुली उठून त्याच गाद्या गुंडाळत होत्या. चादरीची घडी, त्यावर उशी, आणि सगळं भिंतीशी. कोणी सांगितलं नव्हतं. जपानी घरांत फुतोन जमिनीवर घालतात आणि सकाळी गुंडाळून कपाटात ठेवतात. आमच्या वहिनींना ज्या गोष्टीची लाज वाटत होती, ती त्या मुलींच्या आजीच्या घरची रीत होती. कमोडचं तेच. उकिडवं बसायचं शौचकूप जपानातही आहे, त्याला ‘वाशिकी’ म्हणतात, आणि जुन्या शाळांच्या इमारतींत ते अजून असतं. चपला दाराबाहेर काढणं तर त्यांना सांगावंच लागलं नाही. बंगल्यातल्या यजमानांना मात्र त्यांना सांगावं लागलं, की आमच्याकडे बूट घालून आत आलं तरी चालतं.

भांडण झालं ते आंघोळीवरून. जपानी माणूस रात्री झोपण्याआधी आंघोळ करतो. वहिनींनी पहाटे पाणी तापवलं, मुली नुसती तोंडं धुऊन बसल्या. वहिनींच्या मनात आलं, एवढ्या श्रीमंत देशातल्या पोरी आणि पारोश्या! मुलींच्या मनात आलं होतं, की ही माणसं दिवसभराच्या घामानिशी अंथरुणात शिरतात. दोन दिवस दोन्ही बाजूंनी एकमेकांना मनातल्या मनात अस्वच्छ ठरवलं. तिसऱ्या दिवशी घरच्या मुलीनं विचारलं, तेव्हा सगळ्या हसून लोळल्या. हॉटेलच्या खोलीत हा गैरसमज झालाच नसता. फिटलाही नसता.

जाताना त्या दोघी वहिनींना ‘काकू’ म्हणायला लागल्या होत्या. जपानीत ‘काकु’ म्हणजे लिहिणं, त्यामुळे हा शब्द त्यांना पक्का लक्षात राहिला. नंतर काकूंना पत्रं आली ती खरोखर हातानं लिहिलेली.

म्हणून पत्रकातलं ‘उगाच शोभा होईल’ हे वाक्य मला फार झोंबलं. शोभा कोणापुढे, सर? आपली घरं वाईट आहेत, हे आपल्याला कोणी जपान्यानं सांगितलं नव्हतं. ते आपण आपल्याच मनानं, त्यांच्या वतीनं, ठरवून टाकलं. आणि या ‘सोयीच्या घरां’चा खरा परिणाम पाहुण्यांवर होतच नाही. तो होतो आपल्याच वर्गातल्या चाळीस मुलांवर. तुमचं घर दाखवण्यासारखं नाही, असं त्यांना शाळेच्या लेटरहेडवर कळवलं जातं. असलं पत्र मी एकदा छापलं आहे. पुन्हा छापणार नाही.

जरा ‘भगिनी शाळा’ या शब्दाकडेही बघा. बोलताना आपण सगळे सिस्टर स्कूलच म्हणतो, पण दोन शाळांमधल्या करारावर ‘भगिनी शाळा’ असं छापलं आहे. मराठीत बहीण येते ती माहेरी येते. तिच्यासाठी वेगळी खोली नसते, ती आईशेजारी झोपते, रात्री उशिरापर्यंत बोलते, सकाळी न सांगता लसूण सोलायला घेते. बहिणीला लॉजवर उतरवून दोनदा जेवायला बोलावणारा भाऊ आपल्याकडे कोणत्या शब्दांनी ओळखला जातो, ते छापण्यासारखं नाही. जपानीतही ‘शिमाई-को’ म्हणजे बहिणी-बहिणी असलेल्या शाळा. लिहिताना त्यात दोन चित्राक्षरं येतात, एक थोरल्या बहिणीचं, एक धाकटीचं. आपण धाकट्या आहोत अशी समजूत करून घेऊन आपणच दबलेले आहोत. करारात तसं कुठेही म्हटलेलं नाही.

आता पत्रकातला सगळ्यात वजनदार मुद्दा. ते येतात, आपण जाऊ शकत नाही. हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडे चुटकीसरशी उत्तर नाही. जपानचं विमानभाडं आमच्या बहुतेक पालकांच्या आवाक्याबाहेर आहे. जपान सरकारच्या ‘साकुरा सायन्स’सारख्या योजनेतून भारतातली काही शाळकरी मुलं जाऊन येतात, पण ती निवडक, वरच्या गुणांची. मला खटकतं ते पत्रककर्त्यांनी यातून काढलेलं अनुमान. आपली मुलं जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनीही येऊ नये? ज्याचा पासपोर्ट निघणार आहे, तो पुढे स्वतःच्या पायांनी जग बघेल. गिरणीवाल्या दादांच्या मुलीसाठी मात्र ते आठ दिवस हाच परदेश होता, आणि तो तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिला. भेट बंद झाली तर बंगल्यातल्या मुलांचं काहीच जाणार नाही, ती उन्हाळ्यात सिंगापूरला जातात. वंचितांच्या नावानं केलेली ही मागणी नेमकी वंचितांच्याच ताटातलं काढून घेते.

पैशांचं थोडक्यात. मागच्या दोन्ही भेटींचे हिशेब शाळेच्या कार्यालयात आहेत, पत्रककर्त्यांसारख्या बँकेतल्या माणसानं ते जरूर बघावेत. मोठे आकडे कशाचे? मंडप, साउंड, फ्लेक्स, फेटे, स्मृतिचिन्हं, आणि पाहुण्यांबरोबर पन्नास फुकट्यांचं हॉटेलातलं जेवण. घरांतल्या मुक्कामाचा खर्च शाळेला शून्य. मुलींच्या स्वच्छतागृहांसाठी पैसे हवेत ना? मीही त्यांच्या बाजूनं आहे. मंडप रद्द करा. हॉटेलचा प्रस्ताव मान्य झाला, तर स्वच्छतागृहांना उरेल ते आणखी कमी.

व्हिडिओ कॉल आम्ही करोनाच्या दोन वर्षांत पुष्कळ केले. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे आमची मुलं प्रार्थनेनंतर लगेच, त्यांची जेवायच्या सुमारास. दोन्हीकडून हात हलायचे, ‘कॅन यू हिअर मी’ व्हायचं, एकजण गिटार वाजवायचा. वाईट काही नव्हतं. पण पडद्यावर माणूस स्वतःला हवं तेवढंच दाखवतो, आणि दाखवणं म्हणजे तर पत्रककर्त्यांनी निषेध केलेला देखावाच.

एक भीती मात्र मी हलक्यात घेत नाही. परक्या घरी मुलं ठेवायची, त्यातही मुली, तर जबाबदारी आहे. २०१९ मध्ये आम्ही एका घरात दोघांना मिळून ठेवलं, एकट्याला नाही. प्रत्येक घरी शिक्षिकेची रोज फेरी, पोहोचल्याचा रात्री साडेनऊला फोन, औषधांची आणि न चालणाऱ्या पदार्थांची यादी स्वयंपाकघरात चिकटवलेली, पाणी उकळलेलं. तरी एका मुलाचं पोट बिघडलं, ते घरच्या जेवणानं नव्हे, समारोपाच्या मेजवानीनं. या बाबतीत पत्रकात काही सूचना असत्या तर मी आनंदानं घेतल्या असत्या. चार पानांत एकही नाही.

‘असल्या भेटींनी जगात काय फरक पडतो’ असंही एक वाक्य आहे. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले. १९६३ च्या जानेवारीत द गॉल आणि आडेनाउअर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी कार्यालय काढलं. आजवर नव्वद लाखांहून जास्त मुलं-मुली त्यातून जाऊन-येऊन राहिली. त्यातली असंख्य एकमेकांच्या घरी राहिली, आणि तेही ज्यांच्या बाप-आजोबांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या त्यांच्या घरांत. आपल्याला तर जपानशी काहीच मिटवायचं नाही. आपल्याला फक्त गाद्या घालायच्या आहेत. सानेगुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं तेही असंच होतं, एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या भाषेत वावरावं. ते आपण देशातल्या देशातही पुरतं केलं नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.

त्या वर्षी १५ ऑगस्टलाच राखीपौर्णिमा आली होती. झेंडावंदन झालं, मैदानावर मुलं जिलेबी खात होती, राख्या बांधणं चाललं होतं. गिरणीवाल्यांच्या धाकट्याच्या मनगटावर तीन राख्या होत्या, त्यातल्या दोन जपानी. बरोबर साडेआठला जपानी शिक्षिका बाजूला जाऊन भिंतीशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांची मुलंही एकेक करून शेजारी गेली. एक मिनिटभर ती सगळी तशीच उभी. आमची मुलं जिलेबी हातात धरून बघत राहिली. साडेआठ म्हणजे तिकडचे दुपारचे बारा. १५ ऑगस्ट १९४५ ला दुपारी बारा वाजता सम्राट हिरोहितोंनी रेडिओवरून युद्ध संपल्याचं सांगितलं. दर वर्षी त्या दिवशी, त्या वेळी तिकडे युद्धातल्या मृतांसाठी स्तब्ध उभं राहतात. ओकायामा शहर त्याआधी दीड महिना, २९ जूनच्या पहाटे, बॉम्बहल्ल्यात जळालं होतं.

आमच्या नववीतल्या एका मुलानं मला विचारलं, “बाई, आपला आनंदाचा दिवस त्यांचा दुःखाचा आहे का?” मी इतिहासाच्या सरांकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, त्यांनाच विचार. तो गेला आणि विचारून आला. काय उत्तर मिळालं ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत त्या वेळेला ‘पाहुण्यांचे मनोगत, तीन मिनिटे’ असं होतं.

तेव्हा समितीला माझं सांगणं स्पष्ट आहे: हॉटेलचा ठराव मागे घ्या. मंडप, फेटे आणि समारोपाची मेजवानी रद्द करा आणि तो पैसा लेखी ठराव करून स्वच्छतागृहांना द्या. पत्रककर्ते सूचक होणार असतील तर अनुमोदन मी देते. यजमान घरांसाठी नवा अर्ज मी तयार केला आहे. त्यात कमोडचा रकाना नाही, ए.सी.चा नाही, गाडीचा नाही. तीन प्रश्न आहेत. घरी जादाच्या गाद्या किती? संध्याकाळी सहानंतर घरात मोठं माणूस कोण असतं? आणि कुत्रा आहे का? (मागच्या वेळी एका मुलाला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी निघाली होती.) अर्ज सोमवारपासून कार्यालयात सकाळी आठ ते अकरा मिळतील. एक प्रत मी पत्रककर्त्यांच्या नातवाच्या दप्तरात घालून दिली आहे.